नाव न दिलेले कॉन्टॅक्ट

कॅनडातल्या केंब्रिजमध्ये मला पहिली नोकरी मिळाली ती मशीनचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत. दोन हजार चार-पाचचं साल असेल. नागपूरला मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले होते, पण मशीनचा प्रोग्रॅम लिहायची लॅडर लॉजिक ही पद्धत फक्त पुस्तकात पाहिलेली. शेजारच्या टेबलावर वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ बसायचे. पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. सुरुवातीला आम्ही इंग्रजीतच बोलायचो. एकदा मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून ते वळले आणि म्हणाले, "म्हणजे तू आपल्यातलीच की गं पोरी." तेव्हापासून मी त्यांना अंकल म्हणू लागले.

काम मला त्यांनीच शिकवलं. स्क्रीनवर दोन उभ्या रेघा आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. ओळीवर कॉन्टॅक्ट ठेवायचे, म्हणजे छोट्या उभ्या दांड्यांच्या जोड्या, आणि उजव्या टोकाला कॉइल, म्हणजे मोटर चालू करणारी खूण. दार लागलेलं असेल आणि बटण दाबलेलं असेल, तरच मोटर चालू. कॉन्टॅक्ट ठेवला की त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह यायचं. मग त्याला व्हेरिएबल, म्हणजे नाव, द्यायचं : हा दाराचा, हा बटणाचा. मी घाईघाईने सगळे कॉन्टॅक्ट मांडून टाकायची आणि नावं मागाहून भरायची. त्यांना ते खपत नसे. "एक ठेवलास की लगेच त्याला नाव दे. मशीनला काय कळतंय? तू सांगशील ते खरं मानतं."

माझ्याकडे लायसन्स नव्हतं तोवर बर्फाच्या दिवसांत तेच मला घरी सोडायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी टोरांटोच्या पलीकडे, व्हिटबीला. गाडीत एकदा म्हणाले, की घरात ते दोघं आपसात वसईकडचं बोलायचे, मुलीशी मात्र इंग्रजीच. शाळेत तिला जड जाऊ नये म्हणून. तिला मराठी येत नाही याची त्यांना तेव्हा खंत वाटत होती असं मला दिसलं नाही. लेक शिकली, नीट लागली, यात ते खूश होते.

मग एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या स्क्रीनवर कॉन्टॅक्ट अगदी जागच्या जागी असतात, पण डोक्यावर प्रश्नचिन्हं तशीच. ते ड्रॉइंग उघडून दाराच्या स्विचचा नंबर बघायचे, बंद करायचे आणि पुन्हा उघडायचे. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

एका दुपारी मोटारीचे सुटे भाग वाहणाऱ्या पट्ट्याची चाचणी होती. जाळीचं दार सताड उघडं, आणि पट्टा सुरू झाला. जवळ कोणी नव्हतं. अंकलनीच लाल बटणावर हात मारला. टेबलाशी येऊन त्यांनी ती ओळ शोधली. दाराच्या कॉन्टॅक्टला त्यांनी एका दिव्याचं नाव दिलं होतं; तो दिवा लागला की मशीन दार लागलं असं धरून चालत होतं. मला बोलावून म्हणाले, "हे मीच केलंय. आज सकाळी."

मी म्हणाले, चूक कोणाच्याही हातून होते.

"केलेलं आठवत असतं तर मीही चूकच म्हणालो असतो," ते म्हणाले.

चष्मा काढून ते उठले आणि स्वतःच मॅनेजरच्या खोलीत गेले. यापुढे मला एकही मशीन देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मॅनेजरने त्यांना ड्रॉइंगचं हलकं काम दिलं. ते थोडे दिवस चाललं. मग डॉक्टरने दुखण्याचं नाव सांगितलं आणि मुलगी त्यांना व्हिटबीला घेऊन गेली.

पुढे बऱ्याच काळाने तिचा फोन आला. सॉरी सॉरी म्हणत तिने सांगितलं, की डॅडचं इंग्रजी गेलं. आधी शब्द अडायचे, आता उरलंच नाही. ते ममीशी जे बोलायचे तेच बोलतात, आणि मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही येऊ शकाल का?

मी रविवारी गेले. अंकल खिडकीशी ब्लँकेट घेऊन बसले होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण मराठी ऐकून चेहरा खुलला. बोलणं त्यांच्या गावाकडचं, मला नागपूरकरणीला निम्मंशिम्मंच कळणारं. मुलगी सूप घेऊन आली, त्यांच्या मानेखाली नॅपकिन खोचला, एकेक चमचा भरवला. ती वाटी ठेवायला वळली तेव्हा ते मला म्हणाले, "ही बाई फार चांगली आहे गं. माझं सगळं करते. पण हिला घरी जाऊ दे आता. हिचा बाप वाट बघत असेल."

"व्हॉट डिड ही से?" तिने विचारलं.

तुम्ही फार चांगल्या आहात, त्यांचं सगळं करता, असं म्हणाले, मी सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ते यापेक्षा बरंच बोलले होते, हे तिलाही कळलं होतं. मग मी उरलेलंही सांगितलं.

ती वाटी हातात धरूनच खुर्चीत बसली. मग म्हणाली, त्यांना सांगा, मी कुठे आहे ते माझ्या वडिलांना माहीत आहे.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग ठीक," म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

त्यानंतर जमेल तसं मी जात राहिले. तिने माझ्याकडून काही शब्द शिकून घेतले : पाणी, उशी, थंडी वाजते का, दुखतंय का. तिचे उच्चार ऐकून अंकल कधी हसायचे.

ते गेले तेव्हा मी जवळ नव्हते. दफनानंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफी होती, तिथे तिने मला बाजूला घेतलं. शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं होतं, दुखतंय का? त्यावर ते बराच वेळ काहीतरी बोलले. तिला त्यातले दोन-तीनच आवाज लक्षात राहिले होते. ते तिने मला म्हणून दाखवले.

मी पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने डोळे मिटून पुन्हा म्हटले. मला ते ओळखता आले नाहीत. काहीतरी चांगलं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. पण मला कळत नाही, एवढंच मी म्हणाले, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.