राहिलेला एक भागाकार

सॉफ्टवेअर कंपनीतल्या माझ्या पहिल्याच वर्षी एक प्रोग्रॅम बिघडला. त्यातली मोजणी २१४७४८३६४७ पर्यंत नीट वाढायची आणि पुढच्याच आकड्याला एकदम उणे व्हायची. त्या संगणकाच्या पूर्णांकाची मर्यादाच तेवढी होती. ऑफिसात सगळे त्या आकड्याला वैतागले होते. विश्रांतवाडीला घरी आल्यावर जेवताना मी तो बाबांना सांगितला.

बाबा महापालिकेच्या शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते लगेच म्हणाले, "मूळ संख्या आहे ती. दोनचा एकतिसावा घात, उणे एक."

"कशावरून?"

"हाताने तपासलीय मी. दरवर्षी वर्गात सांगायचो."

त्यांनी कपाटातून एक शंभर पानी वही काढली. या संख्येला भाग जायचाच असेल, तर तो फक्त अशा मूळ संख्येने जाऊ शकतो, जिला बासष्टने भागल्यावर एक उरतो. आणखी एका नियमाने त्यातल्याही निम्म्या गळतात. म्हणून हजारो भागाकारांऐवजी शंभरच्या आतच करावे लागतात. ते सगळे त्या वहीत होते, बाकीखाली दुहेरी रेघ मारलेले.

शनिवारी काम लवकर संपलं, तेव्हा मी ऑफिसात चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून तीच यादी छापून घेतली आणि बाक्या वेगळ्या कागदावर. हौस म्हणूनच. घरी वहीशी ताडून पाहिली तर २५४३ चा भागाकार वहीत नव्हता. मागच्या पानावर ती खोडलेली सापडली. शेजारी लिहिलं होतं, 'सातने जाते.' सातने जाते ती २५४१; २५४३ चा भागाकार करायचा राहूनच गेला होता.

रविवारी सकाळपर्यंत मी गप्प राहिले. सत्तरीच्या माणसाला हे सांगायचं कशाला, असं वाटत होतं. पण चहा घेताना त्यांनी स्वतःच विचारलं, "जुळली का यादी?" मग मी यादी आणि वहीचं ते मागचं पान पुढे केलं.

त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं मी वर्गात खोटं सांगत होतो."

"उत्तर तर बरोबरच होतं, बाबा."

"उत्तर बरोबर होतं. मी तपासलंय, हे खोटं होतं."

"संगणकाने काढलीय बाकी. सांगू?"

"कशाला? तुमच्या संगणकाला उणे-अधिक कळत नाही, असं परवा तूच म्हणालीस."

त्यांनी चष्मा पुसला आणि टेबलाशी बसून भागाकार मांडला. मधे एकदा हातचा चुकला, तेव्हा खोडरबर न घेता सगळा पुन्हा केला. मी समोर बसून वाटाणे सोलत होते. आईने दोनदा आंघोळीचं पाणी निवतंय म्हणून सांगितलं.

"पंधराशे तेवीस," ते म्हणाले.

मी बाक्यांचा कागद काढून पाहिला. तेवढीच होती.

त्यांनी दुहेरी रेघ मारली, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि टॉवेल घेऊन उठले.