चाळिशीपुढची हाडं

जांभूळ गावाच्या वाटेवर पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीच्या दातांत माणसाची कवटी आली. पोलिसांनी बाकीची हाडं दोन गोण्यांत भरून उल्हासनगरला आमच्या शवागारात पाठवली. शवविच्छेदनाच्या कामात मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

हाडं धुऊन मी ती टेबलावर माणसाच्या आकारात मांडली. डोक्यावर तीन घाव होते. त्यांतल्या एकाने कवटी आत दबली होती. डाव्या हाताचं कोपराखालचं हाड मधोमध मोडलेलं. मार चुकवायला हात वर केला की हेच हाड मोडतं. दोन्ही नडग्यांभोवती कमरेचा पट्टा करकचून बांधलेला होता, बहुधा ओढत न्यायला.

पट्ट्याच्या फोटोवरून शहाडचं एक जोडपं पुढे आलं. त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, कामावरून घरी आलाच नव्हता. आई जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करायची. पट्टा हातात घेताच ती म्हणाली, "ह्यो माझ्या पोराचाच. तुटला व्हता, मीच शिवला. ह्यो बघा कारखान्यातला नारिंगी दोरा. टाका माझा हाय."

इन्स्पेक्टरनी तिचा जबाब लिहून सही घेतली आणि मला म्हणाले, "मॅडम, वय एकोणीस-वीस लिहून टाका. आईने ओळखलंय."

"नाही लिहिता येणार. त्या वयात गळ्याखालच्या हाडाचं आतलं टोक जुळलेलं नसतं. इथे ते कधीच जुळून गेलंय. मणक्यांना काटे फुटलेत. हा माणूस चाळिशीच्या पुढचा आहे."

वडील हात जोडून म्हणाले, "लिवा ना ताई. तीन वरसं ही दारात बसून जेवती. एकदा दहावं घातलं की सुटंल बिचारी."

तिच्याकडे बघून माझंही मन डगमगलं. तरी म्हणाले, "हा तुमचा मुलगा नाही."

तिने माझ्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. माझा अ‍ॅप्रन धरून तिने मला टेबलावर ढकललं, बरगड्या खाली सांडल्या. "माझं पोर मला देत न्हाईस? कोण गं तू?"

हवालदार तिला ओढत होता, तेवढ्यात इन्स्पेक्टर पट्ट्याकडे बघत म्हणाले, "हाडं मुलाची नाहीत. मग त्याचा पट्टा ह्याच्या पायाला कसा?"

तिची पकड सुटली. ती आधी पट्ट्याकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली.

"चुकलं साहेब," ती हळूच म्हणाली. "पट्टा त्याचा न्हाई. असले पट्टे लई असत्यात."

जबाबावरची सही अजून ओली होती.

मेलेला माणूस अंबरनाथच्या कापड रंगवायच्या एका कारखान्याचा पन्नाशीचा मुकादम निघाला. मुलगा त्याच्याच हाताखाली कामाला होता. मुलगा गेला त्याच आठवड्यात मुकादमही गायब झाला होता. मुलगा चार महिन्यांनी परराज्यातल्या एका ढाब्यावर भांडी घासताना सापडला. मुकादम रोज लोखंडी पाइपने मारायचा, म्हणाला. एकदा सगळ्यांसमोर कपडे उतरवून मारलं. त्या दिवशी पाइप त्याने हिसकावून घेतला.

कोर्टात मी हाडांचं वय सांगितलं, घाव सांगितले, मोडलेला हात सांगितला. मुलाची आई मागच्या बाकावर होती. साक्ष संपवून मी बाहेर आले, तर ती जिन्यापाशी उभी होती.

"ताई, हात वर केला व्हता म्हनालात. म्हंजी त्यो मानूस बघत व्हता?"

"हो."

"माझ्या पोराकडं?"

मला दुसरं काही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो. पहिला घाव त्याने नक्की पाहिला."

ती पायरीवर बसली. पदर तोंडात कोंबून तिने दोन्ही मुठींनी स्वतःचं कपाळ बडवायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले. ते फार जोरकस होते. मला आवरत नव्हते. शेवटी खाली बसून मी तिला मिठी मारली, तेव्हा ती थांबली.

मुलाला जन्मठेप झाली. त्याआधीच मुकादमाच्या मुली येऊन हाडं घेऊन गेल्या होत्या.