शेंदूर लावलेले पाटे मोंबासाला निघाले

मुंबई पाहायला जाणारे आमच्या गावात बरेच आहेत. लोखंड घेऊन मुंबईला जाणारा मात्र मीच पहिला, आणि सोबत आत्याला घेऊन जाणारा तर बहुधा शेवटचा. आता ही खेप पार पडली आहे, छाती दोन बोटं पुढे आली आहे, तेव्हा लिहून टाकतो. कुणाला असाच माल घेऊन बंदरापर्यंत जायचं असेल तर वाटेची माहितीही होईल.

माझं नाव नामदेव. आमचं घर कुंभार पिंपळगावातलं, शेतीचं. मी जालन्यात सर्व्हिस मोटारी, म्हणजे उतारूंच्या खाजगी बसगाड्या, दुरुस्त करायला शिकलो आणि हातात औताऐवजी पाना आला. पुढे सरकारी मोटारी धावू लागल्या, खाजगी सर्व्हिसवाले घरी बसले आणि त्यांच्या मोटारी जागोजाग उभ्या राहून सडू लागल्या. शहागडला तर गोदावरीच्या वाळूत एक मोटार चाकापर्यंत रुतलेली होती आणि तिच्या छपरावर कोंबड्या बसत. त्या मोटारीसकट अशा तीन मी विकत घेतल्या, बैल जुंपून घरी ओढत आणल्या आणि आमच्या गोठ्यात सुट्या केल्या.

हे खूळ डोक्यात घातलं दाऊदमियाँनी. ते जालन्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते, तिथून आफ्रिकेत मोंबासाला एका कच्छी सेठच्या कारखान्यात गेले. त्यांनी पत्र पाठवलं की तिकडच्या रस्त्यांवर याच जातीच्या जुन्या मोटारी पळतात, त्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांच्या पट्ट्या, मोडतात, आस वाकतात आणि सुटा माल मिळता मिळत नाही. पाठोपाठ सेठच्या मुंबईच्या आडत्याचं, वेलजीशेठचं पत्र आलं. बोटीचा दिवस कळवला होता आणि खाली एकच अट होती. माल साफ पाहिजे, गंजलेला एक तुकडा निघाला तरी सगळा माल परत.

आबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "ही एक खेप कर. माल वापस आला तर पाना खुंटीला टांग अन् औत धर. मंग लोखंडाचं नाव न्हाई काढायचं."

मी "बराबर" म्हणालो. औत वाईट नाही, पण माझं मन त्यात लागत नाही हे आबांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

मग महिनाभर मी त्या लोखंडाची सेवा केली. पाटे रॉकेलनं धुतले, आस घासले, जिथे लोखंड लोखंडावर फिरतं त्या गुळगुळीत जागांना एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या. दसऱ्याच्या तोंडावर सगळा माल आरशासारखा झाला आणि मी पेट्या ठरवायला मोटारीनं जालन्याला गेलो. चार दिवसांनी परत येऊन गोठ्यात पाऊल टाकलं. सगळे पाटे, सगळे आस, चाकांच्या थाळ्या, झाडून सगळं लोखंड शेंदरानं लालभडक झालं होतं.

आमच्या घरी गयाबाई आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. देवाधर्माचं खातं तिच्याकडे. खंडेनवमीला ती कोयता-कुऱ्हाडीला हळदकुंकू लावते, शेताच्या शिवेवरच्या म्हसोबाला शेंदूर लावते. यंदा तिनं दोन्ही एकत्र केलं.

"आत्या, हे काय करून ठेवलं?" मी ओरडलोच.

"वरडू नको. शीव राखायची तर शेंदूर लागतो. हे तर साती समिंदर वलांडून चाललंय, उघडंनागडं कसं धाडू? तिळाचं तेल सपलं, म्हणून जवसाच्या तेलात खलवला. तुझ्या चिंध्यांना मी हात न्हाई लावला, बघ."

चिंध्या खरंच जशाच्या तशा होत्या. पण बाकी? जवसाचं तेल वाळलं की चामड्यासारखं घट्ट बसतं. मी फडकं मारून पाहिलं, निघेना. बोटीचा दिवस ठरलेला, गाडी दुसऱ्या दिवशी जुंपायची होती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यात आत्यानं जाहीर केलं की देवाचं लोखंड एकट्यानं जाणार नाही, तीही येणार. आबा मिशीत हसले आणि तिच्यासाठी गाडीत जास्तीचा कडबा अंथरला.

आम्हाला परतूर स्टेशन जवळ पडतं, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच. पण पेट्या ठोकणारा सुतार जालन्यात आणि निजाम सरकारच्या हद्दीबाहेर माल न्यायचा तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, परवानाही मी तिथेच काढणार होतो, म्हणून जालनाच गाठलं. बैलगाडीनं तीन मजला, म्हणजे तीन दिवस, होतात. पहिला मुक्काम घनसावंगी, दुसरा अंबड. रस्ता काळ्या मातीचा, दसऱ्यानंतर वाळलेला असतो, पण चाकोऱ्या खोल आहेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बरोबर घ्या, वाटेत विकतचं खाण्यासारखं फारसं नाही.

अंबडला ऊन उतरायच्या आत पोचलो. आत्या देवीला जाऊन आली तोवर मी विहिरीवर चार पाटे काढून बसलो. धुण्याचा सोडा, विटेचा भुगा, शेवटी चिंच. बोटांची सालं निघाली, पण चार पाटे लखलखीत झाले.

आत्या परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय करून राह्यलास?"

"देवाचा साज उतरवून राह्यलो."

"काढ, काढ. आपल्या मारुतीच्या पारावरची सळई मी लगीन व्हायच्या आधीपासून बघते. शेंदराखाली कधी गंजली का? अन् पाराच्या बाहीरची कडी दर दोन सालाला बदलावी लागते."

मी घासत राहिलो. रागावलेल्या माणसाला शहाणपण ऐकू येत नाही आणि मी तर चांगलाच तापलो होतो. बाकीचा माल घासायला महिना लागला असता, म्हणून मी एक हुशारी केली. जालन्यात पेट्या भरताना हे चार चकचकीत पाटे पहिल्या पेटीत अगदी वर ठेवले. शेठनं झाकण उघडलं की पहिली नजर त्यांच्यावर पडावी.

करोडगिरीच्या जमादारानं पेटीच्या फटीतून आत पाहिलं आणि भुवया चढवल्या. "ये क्या, देवता की मूरत ले जा रहे क्या?"

"न्हाई साहेब, पुराने मोटर के पुर्जे. बिलकुल पुर्जे."

"फिर ये सिंदूर?"

मी आत्याकडे बोट दाखवलं. त्यानं आत्याकडे पाहिलं, आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि शिक्का पडला.

जालन्याहून तिसऱ्या वर्गानं निघा, खिडकीची जागा मिळते. बदनापूरला गाडी थांबते तेव्हा पाणी भरून घ्या. हाली, म्हणजे निजामी, पैसे मोडून इंग्रजी कलदार करायचे असतील तर जालन्याच्या सराफाकडेच करा, मनमाडला बट्टा जास्त कापतात आणि पुढे हाली कुणी हातात धरत नाही. मनमाडला गाडी बदलते, रूळ रुंद होतात, त्यामुळे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागतो. मला भीती याच जागेची होती, कारण इथले हमाल पेट्या आपटतात असं ऐकलं होतं.

पहिल्या हमालानं फळ्यांच्या फटीतून लाल लोखंड पाहिलं आणि हात मागे घेतला. "यात देव हाये का?"

मी नाही म्हणणार तोच आत्या म्हणाली, "जपून घे रे बाबा."

ती खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही. पण चौघांनी मिळून एकेक पेटी अशी अलगद ठेवली की सुनेलाही कुणी इतकं जपून उतरवत नसेल. मी पहिल्यांदाच आत्याकडे पाहून हसलो. तिनं पिशवीतून काढून माझ्या हातावर अर्धी दशमी ठेवली.

मुंबईत धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ होती, पण भांडी आपली आपण न्यावीत. माल बंदराजवळच्या वखारीत पोचला होता, पण वेलजीशेठना चार दिवस सवड नव्हती. ते चार दिवस आत्याला समुद्र दाखवण्यात गेले. ती काठावर बराच वेळ उभी राहिली, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि थुंकली.

"एवढं पाणी अन् एका वाफ्याला देता येत न्हाई," ती हळहळली. मग हवा हुंगून म्हणाली, "नाम्या, इथली हवाबी खारी हाय."

अंगाला चिकटणारी ती हवा मलाही जाणवत होती. डोक्यात मात्र काहीच शिरलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वखारीत गेलो. वेलजीशेठ म्हणजे पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, हातात खडू. त्यांच्यामागे कोपऱ्यात दुसऱ्या कुणाचा मोटारीचा माल पडला होता, अंगभर तांबूस गंज चढलेला, त्यावर खडूनं फुल्या मारलेल्या. शेठच्या माणसानं आमच्या पहिल्या पेटीचं झाकण उचकटलं.

वरचे चारही पाटे गंजले होते. अंबडला मी हातानं घासलेले, चिंचेनं उजळलेले, शोभेसाठी वर ठेवलेले तेच पाटे. त्यांच्यावर गुळाच्या रंगाची बारीक पूड धरली होती.

शेठनी एक बोट फिरवलं, पाहिलं, आणि खडू उचलला. "भाई, मैंने लिखा था ना? एक बी तुकडा."

डोळ्यांपुढे आबा दिसले, खुंटी दिसली, आणि माझा पाना त्या खुंटीवर टांगलेला दिसला. खडू पेटीला टेकणार एवढ्यात आत्या पुढे झाली आणि तिनं झाकणावर हात ठेवला.

"शेठ, ही चार आमच्या नाम्यानं घासली. शाना हाय तो. मी लावलं ते खाली हाय, ते बघा अन् मंग काय फुल्या मारायच्या त्या मारा."

शेठचा खडू हवेतच राहिला. बाजूला रत्नागिरीकडचा एक म्हातारा उभा होता, बोटींना रंग देणारा, रंगाचे डबे घ्यायला आलेला. त्यानं वाकून पेटीत पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "शेठ, हा तर आमच्या बोटीचा रंग! शेंदूर आणि जवसाचं तेल. बोटीच्या पोटाला पहिला हात ह्याचाच असतो. खारं पाणी ह्याच्या आत शिरत नाही."

"पक्का?"

म्हाताऱ्यानं चाकू काढला आणि खालच्या एका लाल पाट्यावर नखाएवढी जागा खरवडली. आत लोखंड तसंच निघालं, मी गोठ्यात रॉकेलनं धुतलं होतं तसं. शेठनी चाकू घेऊन स्वतः दुसरीकडे खरवडलं. मग दुसऱ्या पेटीत, मग तिसऱ्या. चिंध्या सोडून आसाच्या गुळगुळीत जागा पाहिल्या, एरंडेलाखाली त्याही चकाकत होत्या. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या फुल्यांच्या मालाकडे पाहिलं आणि खडू कानावर ठेवला.

"ये रंग कौन बोला तुमको लगाने?"

मला खोटं बोलून मोठेपणा घेता आला असता, मोह झालाही. पण आत्या शेजारीच उभी होती. "आमची आत्या," मी म्हणालो, "आणि मी तिच्याशी भांडलो."

शेठनी आत्याला हात जोडले. चार गंजके पाटे बाजूला काढले, बाकी सगळा माल पास. शिवाय म्हणाले, दर बोटीला असाच माल पाठव, असाच लाल, आणि गुळगुळीत जागांना अशाच चिंध्या. बाहेर आल्यावर मी आत्याच्या पाया पडलो, भर रस्त्यात, ट्रामवाल्यानं घंटा वाजवली तरी उठलो नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या चार पाट्यांचं काय करनार? टाकून देऊ नको, वापस घे."

बोट भरताना आम्हाला लांबूनच पाहू दिलं. आमच्या पेट्या दोराला लटकून वर गेल्या, फटींतून लाल रंग दिसत होता. गोदावरीच्या वाळूत कोंबड्यांखाली बसलेलं लोखंड आता समुद्र ओलांडणार होतं. आत्यानं लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली.

दोन महिन्यांनी दाऊदमियाँचं पत्र आलं. माल एकदम बराबर पोचला, पहिल्या आठवड्यात दोन मोटारी आपल्या पाट्यांवर चालू झाल्या, आणि तिथले लोक दुकानात येऊन 'लाल माल' मागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते आबांना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं पाहतो तर गोठ्यातला एक बैल बाहेरच्या छपराखाली बांधला होता आणि त्याची जागा शेण काढून झाडून ठेवलेली होती, लोखंडासाठी.

मुंबईहून परत आणलेले ते चार गंजके पाटे मात्र मला डोळ्यांसमोर नको होते. आबांनी ते लोहाराकडे नेले. पेरणीआधी शेतात गेलो तर आबा वखर हाकत होते आणि वखराची नवी पास, म्हणजे माती कापणारी लोखंडी पट्टी, ओळखीची वाटली. अंबडच्या विहिरीवर मी घासलेल्या पाट्याची होती ती. मातीतून फिरून फिरून आता खरंच लखलखत होती.

आबांनी बैल थांबवले आणि पासेकडे बोट दाखवलं. "तुझ्या वाट्याचं औत ह्यानं धरलंय. तू जा, आत्यानं शेंदूर खलवून ठेवलाय."