टॉर्च लावून पाहिलेला ड्रम

पितळ घासायच्या पावडरीचा वास आला, की हबीबगंजजवळचं बँडवाल्याचं ते दुकान आठवतं. शाळेतला माझा साइड ड्रम फुटला होता आणि उद्यापर्यंत दुसरा आणला नाहीस तर सव्वीस जानेवारीला बँडमध्ये तू नाहीस, असं सरांनी बजावलं होतं. अख्खी टाऊनशिप परेड बघायला यायची. बँडवाल्या चाचांकडे विकायला एकच जुना ड्रम होता. बाबा कारखान्यात माल तपासायचे. त्यांनी ड्रमचं दोन्हीकडचं कातडं उतरवायला लावलं, रिकामा पितळी घेर काउंटरच्या काचेवर ठेवला आणि आत टॉर्च लावला. कडेखालून उजेडाची बारीक रेघ बाहेर आली. "कड वाकडी आहे. रिजेक्ट." मी रडकुंडीला आले. "बाबा, उद्या न्यायचाय हो! दुसरा कुठून आणू?" चाचांनी घाईघाईने कातडं पुन्हा चढवून ड्रम कसला, काठ्या माझ्या हातात दिल्या. "बिटिया, एक बार बजा तो लो." मी जीव तोडून वाजवला. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली. बाबांनी तोवर स्कूटरला किक मारली होती. परेड मी आईशेजारी बसून पाहिली. आज इतकी वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे; त्यात वाकडं काय होतं, ते मला अजून ऐकू आलेलं नाही.