चिंचेवर टांगलेली बॅटरी

समस्त आप्तेष्टांना कळवताना ऊर भरून येतो की, आमच्या वडिलांच्या मोबाईलची बॅटरी फुगली आहे.

हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो.

बाबा मोबाईल उशीखाली ठेवून, भलत्याच फोनचा चार्जर लावून चार्ज करायचे. एका सकाळी पाठीमागचं झाकण आपोआप निघालं आणि आतून पुरीसारखी टम्म बॅटरी डोकावली. बाबा सुई शोधायला उठले. "टोचली की बसेल." मी सुई लपवली, आणि तेवढ्यात आईने बॅटरी उचलून नेली.

आमच्या किनाऱ्यावर दार फुगतं, पुस्तक फुगतं, मीठसुद्धा पाझरतं. सगळ्याला औषध एकच, ऊन. आईने बॅटरी अंगणात सोड्यांच्या चटईवर, सोलून वाळत घातलेल्या कोळंबीशेजारी मांडली आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसली.

बायको बाजारातून आली ती किंचाळतच. "आई, उठा तिथून! पेटेल ती!"

"दमट हाय गं, वाळंल."

"टोचायची नाही, दाबायची नाही, तापवायची नाही. कोरडी वाळू आणा!"

वाळूची आम्हांला काय कमी! मातीच्या मडक्यात वाळू, वाळूत बॅटरी. पण मडकं ठेवायचं कुठे? ओटीवर बाबा, मागे गवताची उडवी, अंगणात आईचे वर्षभराचे सोडे. मांजर सगळीकडेच. शेवटी आईने बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा मडक्याच्या तोंडाला सैल बांधला आणि ते कुंपणाजवळच्या चिंचेला टांगलं. घरापासून लांब, मांजराच्या उडीपलीकडे. आम्ही तिच्या हुशारीचं कौतुक केलं. झाडाला पांढऱ्या फडक्याचं मडकं आपल्याकडे कधी टांगतात, हे त्या गडबडीत एकालाही आठवलं नाही.

गावाला आठवलं. रस्त्यावरचे लोक चपला काढून हात जोडू लागले. शेजारीण पिठलं-भात घेऊन आली, ओटीवर बाबांना चहा पिताना पाहिलं आणि पिठलं-भात घेऊन परत गेली. बाबांना त्या पिठल्याचं फार वाईट वाटलं.

इकडे बॅटरी घेईना कोणी. घंटागाडीवाल्याने हात झटकले. भंगारवाल्याने मडक्यात डोकावून सायकलच वळवली. "खाडीत टाका की," असं सुचवणारे पुष्कळ होते, पण त्याच खाडीतली कोळंबी आम्ही खातो. आई रोज चिंचेकडे बघायची आणि मडकं पेटेल या धास्तीने सोडे अर्धवट वाळलेलेच आत घ्यायची.

अखेर मी स्कूटर काढली. बायको मागे बसली, मांडीवर मडकं. म्हसळ्याच्या मोबाईलवाल्याने जुन्या बॅटऱ्यांचं खोकं दाखवलं, मडक्यात डोकावलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"साध्या घेतो. फुगलेली न्हाय. माणगावला विचारा."

"तिथे घेतील?"

"विचारा तर खरं."

आता परत नेलं तर पुन्हा चिंच, पुन्हा आईचे ओले सोडे. पुढे गेलो तर माणगाव, आणि तिथून कुठे, देव जाणे. मी स्कूटर माणगावच्या रस्त्याला लावली. नाक्यावर एका म्हाताऱ्याने बायकोच्या मांडीवरचं मडकं पाहिलं, टोपी काढली, हात जोडले आणि आमची दिशा लक्षात येताच धावत स्कूटरला आडवा आला.

"अवो, अस्थी घेऊन तिकडं कुठं? हरिहरेश्वर मागं राहिलं!"