बाजू संपेपर्यंत

सात महिने मी माझ्या मुलीशी खोटं बोललो. दर रविवारी सकाळी ती फोनवर एक गाणं पाठवायची आणि मी ते न उघडताच खाली अंगठ्याचं चिन्ह टाकायचो. कधी चहा गाळता गाळता, कधी आंघोळीला जाता जाता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी मुलीला घेऊन आलो असं दिसेल आणि वाचणाऱ्याला मी बरा माणूस वाटेन.

मला गाण्याचं वेड आहे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मला माझ्या कॉलेजच्या चार-पाच वर्षांतल्या गाण्यांचं वेड आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून निवडून निवडून भरून घेतलेल्या शंभरेक कॅसेट माझ्याकडे अजून आहेत. त्यानंतर जगात जे काही गायलं गेलं, तो माझ्या लेखी गोंगाट. रविवारी सकाळी मी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटनं टेपचं हेड पुसायचो आणि कॅसेट लावायचो. घरात एक नियम होता. बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. काय सांगायचं ते बाजू संपल्यावर.

मुलगी अकरा वर्षांची असताना तिनं एका कॅसेटच्या शेवटी, गाणी संपून कोरी पट्टी उरते तिथं, स्वतःचा आवाज भरून ठेवला. "बाबा, सगळ्या मुली सहलीला चालल्यात. मला पण पाठवा ना." रविवारी गाणी संपली आणि टेपमधून तो आवाज आला. ती दाराआड उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कॅसेट खराब केली म्हणून ओरडलो आणि सहल रद्द केली. पट्टीचा तो तुकडा तसाही कोराच होता.

गेल्या वर्षी तिचं लग्न करून दिलं. पंढरपूरच्या पुढे करकंबला, मोठं घर, ऊस, दारात ट्रॅक्टर. बी.एड. झालेली मुलगी, इथल्या शाळेतली नोकरी सोडून गेली. "तिकडं बघू की नोकरीचं," असं विहीणबाई म्हणाल्या होत्या. फोन केला की नेहमी त्याच आधी बोलायच्या. मग मुलगी. आवाजाला एक पोकळ घुमारा असायचा, म्हणजे फोन स्पीकरवर असायचा.

"बाबा, गाणं ऐकलंत?"

"ऐकलं की. छान होतं."

"शेवटपर्यंत?"

"अगं हो, शेवटपर्यंत."

मग ती थोडा वेळ गप्प राहायची. मला वाटायचं, रेंज गेली.

बायको म्हणायची, "अहो, तिचा आवाज मला बरा वाटत नाही."

"तुला कुणाचाच आवाज बरा वाटत नाही," मी म्हणायचो.

ऑक्टोबरात एका रविवारी गाणं आलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी फोन लावला. अकरा वाजले होते.

"झोपली हाय ती," विहीणबाई म्हणाल्या.

"आत्ता? बरं नाही का?"

"बरी हाय की. तिला काय हुतंय?"

मागे कुणीतरी पाण्याचा नळ बंद केला आणि एकदम शांत झालं. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. बायको माझ्यासमोर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "गाणी लावा."

मी पहिलं गाणं लावलं. तेलुगू! आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्यांची, सकाळपासून यंत्रमागांची खडखड. शेजारच्या अक्काची मुलगी आमच्या मुलीची मैत्रीण. दोघी एका ताटात जेवल्या, त्यामुळे आमची मुलगी घडाघडा तेलुगू बोलते. पन्नास वर्षं इथं काढून मला एक वाक्य येत नाही.

पेटी नाही, तबला नाही. खालून एकच जाड सूर चाललेला, त्यावर भांडं वाजवल्यासारखा ठोका, आणि एक बाई जवळ येऊन हळू आवाजात सांगितल्यासारखं गात होती. मधेच सगळं थांबायचं. मला वाटलं, गाणं संपलं. मग तोच ठोका परत यायचा, आधीपेक्षा सावकाश. कॉलेजनंतर पहिल्यांदा मी एखादं नवं गाणं दुसऱ्यांदा लावलं. त्यात काहीतरी होतं, आणि ते मला कळत नव्हतं, म्हणून मला भीती वाटत होती.

एकामागून एक लावत गेलो. सुरुवातीच्या गाण्यांत थोडी तरी वाद्यं होती. पुढे पुढे ती कमी होत गेली. शेवटच्या तीन गाण्यांत वाद्यच नव्हतं. बायकोनं माझा दंड धरला.

"अहो, ही तीच आहे."

आमच्याच मुलीचा आवाज. दबकत गायलेला, मागे कुकरची शिट्टी. त्या तिन्ही गाण्यांखाली माझा पिवळा अंगठा.

मी फोन घेऊन शेजारी गेलो. अक्का विड्या वळत बसली होती. सूप मांडीवर, बोटं चाललेली.

"अक्का, हे काय म्हणतंय जरा सांगता?"

"एवढी वर्षं राहता की हितं," ती हसली. "आता म्हातारपणी तेलुगू शिकता व्हय?"

मी शेवटचं गाणं लावलं. पहिल्या दोन ओळींतच तिची बोटं थांबली. हसू गेलं. तिनं मला परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. माझ्याकडे न बघता ती सांगू लागली.

"म्हणती, दार उघडंच असतं. पण माझ्या चपला कपाटात. माझे कागद कपाटात. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला." ती थांबली. "तिथं तेलुगू कुणाला येतंय का?"

"नाही."

"म्हणून." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आणि शेवटी तुम्हाला म्हणती. बाबा, बाजू संपली, आता बोला. हे काय आहे मला कळंना."

मला कळलं. सबंध जगात ते फक्त आमच्या घरातच कळणार होतं.

"हे कधी पाठवलं तिनं?"

"दोन आठवडे झाले."

"मग तुमी काय बोलला?"

मी फोन खिशात घातला.

त्याच दुपारी आम्ही दोघं आणि अक्का भाड्याच्या गाडीतून निघालो. पंढरपूर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना उंच ऊस लागला, पलीकडचं काही दिसेना. त्या घराच्या दारात चपलांचे जोड ओळीनं लावलेले होते. बायकोनं वाकून पाहिलं. मुलीचा त्यात नव्हता.

"आदी कळवायचं की वो," विहीणबाई म्हणाल्या. "असं अचानक?" जावई आतल्या दारात येऊन उभा राहिला, तो तिथून हलला नाही. मुलगी चहा घेऊन आली. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अक्कानं तिला तेलुगूत काहीतरी विचारलं, हसत हसत, लग्नाच्या साड्यांबद्दल विचारावं तसं. मुलीनंही हसून उत्तर दिलं. त्या खोलीत मी आणि तिच्या सासरचे सारखेच अडाणी होतो.

अक्का बायकोला म्हणाली, "चला, उठा." बायकोनं स्वतःच्या आजारपणाचं निमित्त सांगितलं, चार दिवस लेक हवी म्हणाली. मग विहीणबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. "चार दिसांत आणून सोडा. आमाला न्यायला यायला लावू नका."

गाडीत मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "रोज संध्याकाळी फोन बघायचे ते. शेवटी काढूनच घेतला. पण तुमचा अंगठा आला की मला वाटायचं, बाबांनी ऐकलंय, कुणाकडून तरी अर्थ लावून घेतलाय. योग्य वेळ बघतायत. तेवढ्यावरच राहिले मी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो.

चार दिवसांचे चाळीस झाले. तिकडून फोन येतात, कधी दिवसात सहा वेळा. एकदा गल्लीच्या तोंडाशी एक गाडी तासभर उभी होती. वकिलांकडे आमचे हेलपाटे चालू आहेत. आणि दर रविवारी सकाळी मुलगी माझ्याशेजारी बसून एक नवं गाणं लावते. काही मला अजून जमत नाहीत. काही मी दुपारी एकटा असताना पुन्हा लावतो. कॅसेटचं खोकं माळ्यावर टाकलंय. तिच्या नजरेत मी सात महिने कान देऊन बसलेला बाप होतो. त्या नजरेसमोर बसणं मला दर रविवारी जड जात होतं.

"आता तिला खरं कशाला सांगता?" बायको म्हणाली. "तेवढाच तिला आधार आहे."

तिचं खरं असेल. पण ज्या अंगठ्यावर विसंबून ती त्या घरात सात महिने राहिली, त्यावर तिला आणखी एक दिवसही विसंबू द्यायचं मला धाडस होईना. उद्या परत काही झालं आणि तिनं मला काही सांगितलं, तर मी खरंच ऐकलंय की नाही हे तिला ओळखता यायला हवं.

गेल्या रविवारी तिनं ते पहिलंच गाणं लावलं. भांड्यासारखा ठोका थांबला, परत आला, संपला. मी संपू दिलं. मग म्हणालो, "बाळा, मी तुझं एकही गाणं ऐकलं नव्हतं. छान होतं म्हणालो ते खोटं होतं, शेवटपर्यंत म्हणालो तेही खोटं. तू गायलेलं तर मी उघडलंसुद्धा नाही. गाणी यायची थांबली तेव्हा घाबरून ऐकली. तुला सहलीलाही मी असंच पाठवलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."