बाबांच्या नावाचा पुकारा

आज मंगळवार. सकाळी वर्ध्याला कोर्टात तारीख होती, संध्याकाळी अल्लीपूरला परतलो.

बाबा आमच्या गावच्या वाचनालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष होते. विश्वस्तांमध्ये दोन गट पडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि वाचनालय बंद झालं. अभ्यासाला येणारी मुलं बाहेर ओट्यावर बसू लागली. बाबा मागच्या महिन्यात गेले.

आज शिपायाने पुकारा केला तो बाबांच्याच नावाने. कोणी उठलं नाही. पुन्हा नाव घेतलं तेव्हा मी उभा राहिलो.

दोन्ही गटांनी वाचनालयाची किल्ली मागितली. ती कोणाकडे आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं. बाबांनंतर ती माझ्याकडे आली होती, मी खिशातून काढून दाखवली. निकाल लागेपर्यंत मीच रोज वाचनालय उघडायचं, असा आदेश झाला.

बाहेर एका गटाचे काका म्हणाले, "तुले तं कोर्टानंच अध्यक्ष केलं रे बाबू." दुसऱ्या गटाचे काकाही हसले. दोघं किती दिवसांनी एकत्र हसले असतील.

आदेश योग्यच आहे. पण गावातलं वाचनालय उघडायलाही न्यायाधीश लागावा का? तुमच्या गावात अशा वेळी काय करतात?

घरी जायच्या आधी वाचनालयाचं कुलूप काढलं. बाबांची खुर्ची बाजूला सरकवून खोली झाडली आणि खुर्ची परत जागेवर ठेवली.